आपण गावाला कधी जायचं?

१ मेला शाळेत झेंडावंदन झालं, निकालाचा कागद हातात पडला आणि घरी येताना पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, अर्ध्यात थांबून थोरलीने विचारलं, "आई, आपण गावाला कधी जायचं?"

"अगं, गावातच तर राहतो आपण."

"तसं नाही. सुट्टीत जातात ना सगळे, तसं. बॅग घेऊन."

ती आठ वर्षांची आहे, नुकतीच तिसरी पास झालेली. तिचं काही चुकत नव्हतं. मे महिना आला की टीव्हीत, गोष्टीत, आत्याच्या फोनवर, सगळीकडची मुलं गावाला जायला निघतात. ती सगळी जिथे येऊन पोचतात तिथे माझी दोन मुलं बारा महिने राहतात. गुहागर तालुका, समुद्र चालत दहा मिनिटांवर, कौलारू घर, पुढे खळं, मागे नारळी-पोफळीचं आगर. वाचून कुणाला हेवा वाटेल. पण तिला बॅग भरायची होती आणि जायला गावच नव्हतं.

मी "बघू" म्हटलं. माझ्या आईनेही मला वर्षानुवर्षं याच एका शब्दावर वाढवलं आहे.

आमच्याकडे मे म्हणजे सुट्टी नाही, मे म्हणजे सीझन. घरची कलमं थोडी, बाकीची नवऱ्याने कराराने घेतलेली. तो पहाटे पाचला झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, घेऊन बाहेर पडतो, उन्हं चढेपर्यंत गड्यांबरोबर आंबा काढतो, दुपारी पडवीत निवड, पेट्या भरणं, संध्याकाळी गाडी. मे महिन्यात आमचं दोघांचं सगळं बोलणं 'जेवलास का' आणि 'पेंढा संपला' यात आटपतं. माजघराशेजारच्या खोलीत आढी लागलेली असते, पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे. त्या खोलीत मुलांना मज्जाव. आंबा दाबून बघायचा नाही, नुसता वास घ्यायचा, ही आमच्या घरातली पहिली शिकवण, 'श्री' गिरवायच्याही आधीची. धाकटा चार वर्षांचा आहे, पण गड्यांचं ऐकून ऐकून तोही आंबा हातात घेऊन "चौदा आणे" म्हणतो. आणा म्हणजे काय हे त्याला कुठून ठाऊक असणार? मीही आण्यांत कधी काही विकत घेतलेलं नाही. पण आमच्याकडे आंब्याची तयारी अजून आण्यांतच मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पुरता तयार. लांब जायचा असेल तो त्याच्या जरा आधीच उतरवायचा.

अशा घरात ४ मेच्या रविवारी पाहुणे आले. डोंबिवलीची नणंद, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या दिरांनी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा गाडीने आणून सोडला आणि चहा पिऊन ते परत गेले. ताई आठवडाभर राहून कामावर गेल्या. म्हणजे ११ मेपासून घरात पाच मुलं, सासू-सासरे, दिवसभर बागेत असणारा नवरा आणि मी.

ताईंच्या तिकिटाची एक वेगळी गोष्ट आहे. रेल्वेचं आरक्षण आधी १२० दिवस अगोदर उघडायचं, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. ताईंना हायसं वाटलं होतं, आता जानेवारीत बसून मे महिन्याचा विचार करायला नको. मार्चमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला त्या फोन घेऊन बसल्या आणि आठ वाजून चार मिनिटांनी त्यांना वेटिंगची तिकिटं मिळाली. ती निघायच्या आदल्या रात्री पक्की झाली. सासरे एसटीत वाहक होते. कोकण रेल्वे १९९८ साली सबंध मार्गावर धावायला लागली, त्याआधीचे सगळे मे महिने अण्णांनी मुंबईच्या जादा गाड्यांवर काढलेले. ही कहाणी ऐकून ते म्हणाले, "आमच्या वेळी वेटिंग नव्हतं. पाय टेकायला जागा मिळाली की कन्फर्म."

पाच मुलं म्हणजे काय ते घावण्यांवरून सांगते. मी बिडाच्या तव्यावर घावणे घालते आणि समोर पाच ताटल्या. पहिला घावणा कुणाचा यावर भांडण, म्हणून पहिला गाईला. दुसऱ्यावर भांडण, म्हणून वयाने लहान तो आधी. मग पुण्याचा म्हणतो, मग मी नेहमीच शेवटी का? म्हणून एक दिवस उलटं. धाकट्याला नारळाचा रस वेगळ्या वाटीत हवा, भाचीला रस नकोच, तिला लोणचं. एका सकाळी मी मोजले, एकतीस घावणे झाले होते आणि मी अजून चहा प्यायले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, मेतकूट, वर भाजलेला पोह्याचा पापड. एकच पातेलं. भांडायला वाव नाही, असं मला वाटलं होतं. तर ते पापडाच्या आकारावरून भांडले.

पाण्याचंही तसंच. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी तळाला जातं, पंप दहा मिनिटं चालतो आणि मग तोंडात हवा धरतो. शहरातली मुलं नळ सोडून दात घासतात. पहिल्या दिवशी सासूबाईंनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून प्रत्येकाला एकेक कळशी मोजून दिली. पुण्याच्याने विचारलं, "आजी, शॉवर नाही का?" आई म्हणाल्या, "आहे ना रे. जूनात येतो." तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की यंदा तो मे महिन्यातच येणार आहे.

याच पुतण्याला रेंज लागत नव्हती. आमच्या घरात फोन फक्त ओटीच्या उजव्या कोपऱ्यात चालतो, तोही वाऱ्याच्या मर्जीवर. पहिले दोन दिवस तो गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढून हात वर करून उभा असायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रे, वानर हाकवतोस काय?" आणि खरंच, त्याला तिथे बघून बागेतले वानर दोन दिवस आले नाहीत. नवरा म्हणाला, याला रोज उभा कर, राखणीचा एक पगार वाचेल.

तिसऱ्या दिवशी त्याला अण्णांनी खाली उतरवलं. झालं असं की मुलांना समुद्रावर जायचं होतं आणि मी म्हटलं, भरती कधी आहे ते बघून मग. पुतण्या फोनवर बघायला धावला. अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "फोन कशाला? आज तिथी काय?"

"म्हणजे?"

"भिंतीवर कालनिर्णय आहे, बघ जा."

तिथी होती दशमी. अण्णा म्हणाले, "दहा पाऊण किती?" कुणालाच येईना. मग त्यांनी खळ्यात खडूने लिहून दाखवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, पण समुद्रावर जायचं की घरी बसायचं एवढं ठरवायला पुरतं.

अण्णांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ. आम्हाला शाळेत हे नव्हतं, मुलांना तर नाहीच. पण मे महिन्याच्या उन्हात पाच मुलं खळ्यात बसून "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन" असं ओरडत होती आणि कुणीही त्याला अभ्यास म्हटलं नाही. पुतण्याने पुढचे दोन आठवडे रोज सकाळी वेळ काढून खांबावर लिहायची आणि संध्याकाळी जाऊन ताडून बघायची, असा क्रम ठेवला. १२ मेला पौर्णिमा होती. हिशोबाप्रमाणे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. गेलो तर पाणी इतकं आत गेलेलं की धाकट्याने विचारलं, "समुद्र कुणी नेला?" ओल्या वाळूवर खेकड्यांच्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली. थोरली मोठ्या तोऱ्यात भाचीला सांगत होती, उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागे हटतं. दोन दिवसांपूर्वी अण्णांनी तिला सांगितलेलं वाक्य होतं ते.

मला तिच्याकडे बघून बरं वाटलं आणि जरा वाईटही. महिनाभर ती यजमानीण होती. कुठलं काजूचं बोंड गोड, कुठल्या झाडाखाली मुंगळे, कापा फणस कुठला नि बरका कुठला, रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल खायची की चोखायची, करवंद खाताना चीक कसा पुसायचा. सगळं तिने दाखवायचं. दाखवणाऱ्याला 'अय्या, हे काय!' असं म्हणायची सोय नसते.

दुपारी वाळवणं. आमच्या वाडीत आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी पाळी असते. पोह्याच्या पापडांचं डांगर कुटून झालं की सगळी मुलं खांबाआड उभी. लाट्या चोरायच्या असतात. मोजून वीस लाट्या केल्या की पोळपाटाजवळ चौदा पोचतात. मी लहानपणी खाल्ल्या, ताईंनी खाल्ल्या, म्हणून आता कुणी ओरडतही नाही. आई डांगरच चार मुठी जास्त भिजवतात, वर "मेल्यांनो, पोट दुखेल" एवढं म्हणायचं म्हणून म्हणतात. खळ्यात एका बाजूला पापड, मधे ताटांतून आंबापोळी, कडेला बरणीत साखरेत घातलेली रातांब्याची सालं. कावळ्यांवर मुलांचा पहारा, आणि मुलांवर कुणाचा? आंबापोळीच्या ताटांना कडेकडेने बोटांचे ठसे असतात, ठशाच्या मापावरून मी चोर सांगू शकते.

आता काजूचं सांगायला हवं. ते मला सांगायचं नव्हतं, पण मे महिना सांगताना ते वगळलं तर खोटं होईल.

१५ मेची दुपार. आई खळ्याच्या कोपऱ्यात तीन चिऱ्यांच्या चुलीवर भोकाच्या पत्र्यात काजू भाजत होत्या. बियांच्या सालीत तेल असतं, ते पेटतं, भडका उडतो, मुलांना ते बघायला फार आवडतं. मी पाचही जणांना ओटीवर बसवून 'खाली पाय ठेवायचा नाही' असं बजावलेलं. तेवढ्यात पेट्यांचा हिशोब विचारायला गडी आला, मी पडवीत गेले, पाच मिनिटं. भाच्याने टोपलीतली न भाजलेली बी उचलली आणि दातांनी फोडली. बदामासारखी फोडायची असं त्याला वाटलं. सहा वर्षांचं पोर.

काजूच्या सालीतलं तेल कातडी जाळतं. आधी त्याला काही झालंच नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. अर्ध्या तासाने ओठ सुजायला लागला, मग फोड. आईंनी तोंड धुऊन खोबरेल लावलं. मी त्याला स्कूटीवर पुढे उभा करून दवाखान्यात नेलं. सबंध वाटेवर तो रडला नाही, मीच मनातल्या मनात ताईंना काय सांगायचं ते घोकत होते. आपलं मूल पडलं तर रागावता येतं. दुसऱ्याचं पडलं तर तोंड कुठे लपवू असं होतं. डॉक्टरांनी मलम दिलं, हात डोळ्याला लावू देऊ नका म्हणाले, चारपाच दिवसांत साल निघून जाईल.

संध्याकाळी ओटीच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहून ताईंना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे शांत. मला वाटलं रेंज गेली. मग ताई म्हणाल्या, "आईला विचार, मी कितवीत होते."

"काय?"

"माझा वरचा ओठ बघितला नाहीस कधी? डावीकडे. दुसरीत होते. तेव्हा आई पण तिथेच होती."

नऊ वर्षं मी या घरात त्या डागाला जन्मखूण समजत होते. आत जाऊन आईंना विचारलं तर त्या चुलीतली राख ओढत म्हणाल्या, "तिने बी फोडली, तिच्या भावाने बोंडाचा चीक डोळ्यात घातला. पोरं जगली ना?" रात्री भाचा झोपल्यावर त्या त्याच्या उशाशी बराच वेळ बसून होत्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

२० मेच्या सुमाराला पाऊस सुरू झाला.

वळवाचा म्हणून आम्ही हसलो. मुलं अंगणात नाचली, पुतण्या 'आजी, शॉवर!' म्हणून ओरडत साबण घेऊन धावला. दुसऱ्या दिवशीही पाऊस, तिसऱ्या दिवशीही. मग हसायचं थांबलं. आमच्याकडे सगळा हिशोब ७ जूनच्या मृगाचा असतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी तोवर पुरी करायची, लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, सुकी मासळी भरून ठेवायची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा बोंबील आणि सुकटीवर दिवस काढायचे असतात. यातलं काहीच झालं नव्हतं. त्या वर्षी, २०२५ साली, पाऊस केरळात २४ मेला आला, २५ला देवगडपर्यंत आणि २६ला मुंबईत. तिथला हा आजवरच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा, असं बातम्यांत सांगत होते. आमच्या तर तो त्याआधीच चार दिवस डोक्यावर बसलेला.

कौलं चाळलेली नव्हती, त्यामुळे घर सात ठिकाणी गळलं. वीज दोन दिवस नव्हती. मुलांना मात्र इतका आनंद मी महिनाभरात पाहिला नव्हता. प्रत्येक गळतीखाली एक भांडं, परात, टोप, कळशी, तांब्या, आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. गळत्यांना नावं दिली. माजघरातली 'मोठी बाई', देवघराजवळची 'गुरुजी' कारण ती थांबून थांबून गळायची. भांडं भरलं की ओतायची पाळी लावली, घावण्यांसारखीच, वयाने लहान तो आधी. कंदिलाच्या उजेडात झब्बू आणि पाच-तीन-दोन. पुतण्याचा फोन दोन दिवस बंद होता आणि त्याने एकदाही विचारलं नाही.

आंब्याचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगवत नाही. झाडावर शेवटची खेप होती. वाऱ्याने निम्मी खाली. पावसात भिजलेला आंबा पेटीत टिकत नाही, डाग पडतात. जो वेचता आला तो कॅनिंगला किलोवर गेला. पापडही गेले. दोन दिवस ओले, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशी.

२३ तारखेच्या रात्री नवरा ओटीच्या पायरीवर बसला होता. आठ वाजता. मे महिन्यात आठ वाजता तो घरी बसलेला मी कधी बघितला नव्हता. मुलंही गप्प होती, त्यांना कळतं. धाकटा जाऊन त्याच्या गुडघ्याला टेकला.

"बाबा, आता तुला सुट्टी?"

नवरा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो रे. लागली सुट्टी."

ताई २५ला आल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन गेल्या, पुण्याचा त्यांच्याबरोबरच ठाण्यापर्यंत, पुढे त्याचे बाबा. सामान आणताना दोन बॅगा, नेताना सात नग. आंबे, आंबापोळी, कोकमं, आठळ्या, नारळ, आणि पुतण्याने डब्यात घातलेला एक जिवंत खेकडा, जो आईंनी निघता निघता काढून घेतला. ताईंनी भाच्याचा ओठ बघितला, स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "आता आपलं सेम सेम." गाडी वळणाआड गेल्यावर घरात केवढी तरी शांतता. थोरली खांबावरच्या खडूच्या आकड्यांकडे बघत उभी.

"आता आपण जायचं?" ती म्हणाली.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझं माहेर दापोली तालुक्यात. मधे वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट नसती तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. फेरीने धोपाव्याहून दाभोळ दहापंधरा मिनिटं. जवळ आहे म्हणूनच मी कधी राहायला जात नाही. सकाळी जाते, संध्याकाळी परत. लग्नाला नऊ वर्षं झाली, मे महिन्यात माहेरी राहिले नव्हते. सीझन असतो ना.

पावसाची उघडीप बघून १ जूनला निघालो. थोरलीने बॅग दोन दिवस आधी भरली. बॅगेत तीन फ्रॉक, टॉवेल, टूथपेस्ट आणि, का कोण जाणे, शाळेचं ओळखपत्र. आंब्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर आम्ही चौघं, पायाशी अजून पेंढा. धोपाव्याला बोटीची वाट बघत उभे राहिलो तेव्हा ती म्हणाली, "आपलं तिकीट कन्फर्म आहे ना?" बोटीवर वारा इतका की धाकटा बाबाच्या शर्टात शिरला. पलीकडे दाभोळ दिसायला लागलं तशी ती कठड्याला धरून चवड्यांवर उभी राहिली.

माहेर म्हणजे काय? कौलारू घर, पुढे खळं, मागे फणस, विहीर, रेंज नाही. सगळं तेच. माझी आई घावणे घालत होती. पण थोरली पायरीवर उभी राहून "अय्या, इथे झोपाळा इकडच्या बाजूला आहे!" म्हणाली. सकाळी आठपर्यंत झोपली. ताटली उचलली नाही. आबांनी तिला आगर दाखवलं आणि हे जायफळ, हे काळं मिरं, ही दालचिनी असं एकेक सांगितलं. तिने सगळं असं ऐकलं की जणू जन्मात बघितलं नव्हतं. आमच्या मागच्या दारी मिऱ्याचे वेल आहेत. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तर ती ओटीवर येऊन, हुबेहूब पुण्याच्या आवाजात, "इथे रेंजच नाही का?" असं म्हणाली. तिच्याकडे फोनच नाही.

नवऱ्याने पाच दिवस झोप काढली. आबा त्याला उठवायला गेले की आई खुणेने अडवायची. मी? मी आईच्या हातचा चहा बसल्या जागी प्यायले, गरम. रात्री आईजवळ झोपले तर थोरली येऊन मधे शिरली आणि म्हणाली, "तू कशाला, ही माझी आजी आहे."

निघायच्या दिवशी आईने पिशव्या भरायला घेतल्या. फणसपोळी, कोकमं, आठळ्या, पोह्याचे पापड (तिचे पावसाआधी वाळलेले), मिऱ्याची पुडी.

"आई, हे सगळं आहे गं आमच्याकडे."

"असू दे. गावाहून कोण रिकाम्या हाताने जातं?"

परतीच्या बोटीवर तिकीट फाडणाऱ्या माणसाने टेम्पोत डोकावून पिशव्या बघितल्या. "काय, बाजाराला की काय?"

"गावाला गेलो होतो," थोरली म्हणाली. फणसपोळीची पिशवी तिने कुणाकडे दिली नाही, सगळी खाडी मांडीवर घेऊन बसली. तरी धोपावे येईपर्यंत धाकट्याने खालच्या बाजूने भोक पाडून अर्धी संपवली होती.